बेल वाजल्यानंतर

साहेबांची अट एकच होती: सिस्टरनी बेशुद्ध पडल्यासारखं पडून राहायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

तुरुंगाच्या बायकांच्या विभागात नऊ वर्षं त्या एकट्याच नर्स होत्या. त्यातली दोन वर्षं त्यांनी एकाच मागणीसाठी कागदी घोडे नाचवले. प्रत्येक बराकीत तातडीच्या उपचारांची पिशवी ठेवा आणि कोठड्यांच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा तिथेच असू द्या, एवढीच मागणी. पण पिशवी दवाखान्यात, किल्ल्या ऑफिसात आणि मध्ये तीन फाटकं, हा थाट काही बदलेना. गेल्या वर्षी एका पोरीने जिवाचं बरंवाईट करून घेतलं, तेव्हा सिस्टर धावत पोचल्या त्या वरातीमागून घोडं तशा. ते दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतंच. शेवटी तुरुंगाचे मुख्य साहेब म्हणाले, खरोखर किती वेळ लागतो ते एकदा चाचणी घेऊन बघू. पाच मिनिटांच्या वर गेला तर त्याच दिवशी सही करतो. पण चाचणी चोख हवी, आणि आपल्या दोघांशिवाय कुणाला पत्ता लागता कामा नये.

दुपारी तीनला सिस्टर एका रिकाम्या कोठडीत शिरल्या. साहेबांनी बाहेरून कुलूप घातलं आणि ते दवाखान्यापाशी जाऊन उभे राहिले. सिस्टरनी बेल दाबली आणि धाडकन फरशीवर अंग टाकलं. त्या वयात ते जरा जास्तच खरं झालं.

दोन मिनिटं गेली, चार गेली. कुणाची चाहूल नाही. घरी अशी पडले तर दूधवाल्याला तिसऱ्या दिवशी शंका येईल, असं त्यांच्या मनात आलं आणि हसू काही आलं नाही.

"ए बाई, पडलीस का गं?" शेजारच्या कोठडीतून आवाज आला. ती शिवणकाम करणारी कैदी होती, सगळ्या तिला शिवणवाली म्हणायच्या. आठ महिने झाले, दर आठवड्याला सिस्टर तिला काय होतंय म्हणून विचारायच्या आणि ती 'काही नाही' म्हणायची. बाकीच्या बायका कामावर होत्या, ही एकटीच मागे राहिली होती. शिवणवाली पहारेकरणीला हाका मारत सुटली. घसा बसेपर्यंत ओरडली. मग भिंतीला टेकून बसल्याचा आवाज झाला.

"ओ देऊ नकोस, पण ऐक. येतील कुणीतरी. तोवर श्वास घेत राहा." मग तिचा आवाज खाली आला. "मी पण ठरवलंय. येत्या रविवारी. कुणाला बोलले नाही. तुला सांगते, कारण तुला ऐकू येतंय की नाही देव जाणे. पण तू जाऊ नकोस हं."

सिस्टरच्या मनगटावरच्या घड्याळात सात मिनिटं झाली होती. चाचणी जिंकल्यात जमा होती. आणखी थोडा वेळ मूग गिळून पडलं की पिशव्या आल्या, किल्ल्या आल्या, साऱ्या बराकींना आल्या.

"मी सिस्टर आहे," त्या उठून बसत म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही. मी सगळं ऐकलंय."

 भिंतीपलीकडून शिवणवाली म्हणाली, "म्हणजे नाटक होतं."

सिस्टरनी कबूल केलं. मग त्या बोलत राहिल्या आणि पलीकडून हळूहळू उत्तरं येत राहिली.

चौदाव्या मिनिटाला पिशवी घेऊन माणसं आली. रोगी गप्पा मारतोय हे बघून साहेब वैतागले. ही चाचणी धरता येणार नाही, आता पुढची तीन महिन्यांनी, असं त्यांनी सुनावलं. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. आधी शेजारची कोठडी उघडा, हिला आजपासून एकटं ठेवायचं नाही, ती दवाखान्यात माझ्या डोळ्यांसमोर राहील, एवढंच त्या म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि किल्ली पुढे केली.

शिवणवाली कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. सिस्टर तिच्याजवळ खालीच बसल्या.

"माझ्यापायी तुमचं काम बुडालं ना?"

"बुडालं," सिस्टर म्हणाल्या. "तीन महिन्यांनी परत पडायचंय मला. तेव्हा हाका मारायला शेजारी कुणीतरी लागेल. तोवर राहशील?"

तिने गुडघ्यांभोवतीचे हात सोडवले.

"बघते," ती म्हणाली.