निद्रानंदांची खीर

१९९५च्या उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं, त्यात बुडालेलं पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं आणि त्याच्या शेजारी मांडव घालून निद्रानंद महाराज बसले. भर दुपारी मांडवात माणसं ओळीनं घोरत पडायची. महाराजांनी कपाळाला अंगठा लावून "जा, देवाच्या मांडीवर!" म्हटलं की माणूस आडवा! उठला की डोकं हलकं, अंग मोकळं.

प्रयागबाईंनी सुनेला, माधवीला, तिथं नेलं ते तिचं भूत उतरवायला. माधवीचं डोकं ठणकायचं, चालताना झोक जायचा. पहाटे गाईंच्या धारा, मग स्वयंपाक, खुरपणी. वीज रात्रीची, म्हणून उसाला पाणीही रात्रीच. दुपारी जरा पाठ टेकली की सासू कडाडायची, "दिवसा झोपतीस? अवदसा आलीय व्हय घरात?"

महाराजांनी अंगठा लावला, वाटीभर खीर पाजली. माधवी मेल्यासारखी झोपली. उठली तेव्हा ठणका थांबला होता.

"भूत गेलं!" प्रयागबाई हरखल्या.

"उंबऱ्याशी बसलंय, माय," महाराज म्हणाले. "रोज यायचं. दवाखान्याच्या गोळ्या बंद. आणि घरी दुपारी झोपायचं नाही, शक्ती वाया जाते!"

प्रयागबाईंना हे शेवटचं फार पटलं.

काही दिवसांनी मांडवातून आल्या आल्या त्यांनी माधवीला कडबाकुट्टीवर बसवलं. तिच्या पापण्या मिटल्या. यंत्राच्या पात्यानं उजव्या हाताची दोन बोटं नेली.

इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टर करुणा चमकल्या. बोटं तुटलेली बाई ओरडत नव्हती, डुलक्या देत होती.

"काय खाल्लं हिनं?"

"म्हाराजांचा परसाद," प्रयागबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मांडवात गेल्या. सोबत प्रयागबाई आणि त्यांचे मालक हिंदुराव. डॉक्टरांनी खिरीची वाटी पुढं केली. "महाराज, आधी तुम्ही."

"आमचा उपवास आहे."

"सकाळी भाकरी हाणताना कुठं गेलता उपास? खा!" हिंदुराव गरजले. माणसं सरसावली. महाराजांनी मुकाट्यानं वाटी संपवली, हिंदुरावांनी दुसरी भरली. हळूहळू प्रवचन अडखळू लागलं. "हा देह... हा दे..." मान पडली, दाढीवर लाळ ओघळली.

"समाधी लागली!" एका बाईनं हात जोडले.

डॉक्टरांनी मांडवामागून खलबत्ता आणून सगळ्यांपुढं आपटला. आत पांढरी भुकटी, शेजारी गोळ्यांची रिकामी पाकिटं. "ही तुमची समाधी! झोपेच्या गोळ्या कुटून घातल्यात."

प्रयागबाईंना हार मानवेना. "पर खीर न खाता, नुसत्या अंगठ्यावर बी मानसं झोपली. बरी झाली. ते कसं?"

"दमलेली होती म्हणून. सावलीत, कुणी हाका मारणार नाही अशा जागी पडलं की झोप येते. दुपारची छोटी डुलकी ताण उतरवते, डोकं शांत करते. त्याला अंगठा कशाला?"

डॉक्टरांनी बोलावलेल्या पोलिसांनी महाराजांना उचलून गाडीत टाकलं, तरी ते घोरतच होते.

प्रयागबाईंनी दवाखान्यात खाटेवरच्या माधवीला सगळं सांगितलं. "मेल्यानं फसवलं गं आपल्याला."

माधवी हाताच्या पट्टीकडं बघत होती. "त्यानं गोळ्या घातल्या, आत्याबाई. पर तितं झोपायला मला कुणी धाडलं? घरात घटकाभर पडू दिलं असतं, तर माझी बोटं हितंच असती."



थकवा म्हणजे भूतबाधा नव्हे. राबणाऱ्या माणसाला, आणि घरातल्या बाईला तर आधी, दुपारी घटकाभर निवांत पडू द्यावं. तरीही दुखणं राहिलं तर डॉक्टरकडं जावं. आपलं कपाळ मात्र कुणाच्या अंगठ्याखाली देऊ नये.