आप्पांचा खोकला

रूपालीने चौकटीच्या पलीकडे उभं राहून घसा खाकरला. दोन बारीक, तिसरा लांब, ओढलेला. आणि खाकरता खाकरता तिचाच हात वर गेला, डोक्यावर पदर ओढायला.

"अहो मॅडम, तुम्ही बाप आहात!" अजित सरांनी कपाळावर हात मारला. "बाप कधी पदर घेतो का?"

रनाळ्याच्या शाळेतली मास्तरमंडळी खो खो हसली. रूपालीही हसली आणि तिने पदर कमरेला खोचला. नाटक होतंच तसं तऱ्हेवाईक. घर आहे, पण भिंती नाहीत. मधोमध नुसती दाराची एक चौकट. बाप तिच्यातून अकरा वेळा आत येतो, बाहेर मात्र एकदाही जात नाही. तो खाकरला की घरातली माणसं लाकडाची होतात. बाप होणार रूपाली आणि त्याची बायको खुद्द अजित सर, लुगडं नेसून! निम्मं गाव हसत होतं, आणि निम्मं चुडामण आप्पा काय म्हणतात याची वाट पाहत होतं.

चुडामण आप्पा म्हणजे रूपालीचे सासरे. लग्नाला सहा वर्षं झाली, पण ते तिच्याशी कधी थेट बोलले नव्हते. ती समोर उभी असली तरी निरोप सासूबाईंमार्फत. घरात शिरण्याआधी ते ओट्यावर खाकरायचे, सुनेने पदर घ्यायचा, मग ते उंबरा ओलांडायचे. रीतच होती ती. सहा वर्षं रोज ऐकलेला तो खोकला तिला शिकावा लागलाच नाही.

नाटकाचं विचारलं तेव्हा नवऱ्याने, हेमकांतने, सुरतहून फोनवरच हात झटकले. "आप्पांना विचार बुवा." आणि आप्पा भिंतीकडे बघत सासूबाईंना, मंगलाबाईंना, म्हणाले होते,

"तिले सांग, पहिले गावमा कर म्हना. मी देखसू. मंग नंदुरबारनं."

नंदुरबारला शिक्षकांच्या नाट्यस्पर्धेची जिल्ह्याची फेरी होती. रूपालीला जायचं होतं. फार जायचं होतं. वर्गात चाळीस पोरांना पुरून उरणारा आपला आवाज घरी आला की कुठे जातो, हे तिला अलीकडे रोज कोडं पडायचं.

प्रयोगाच्या दिवशी शाळेमागच्या पथारीवर, वाळवणाच्या मोकळ्या मैदानात, मिरच्या वाळत होत्या. उतरत्या उन्हात सगळं पटांगण लालसर, अर्धवट झोपेतलं वाटत होतं. बाप्ये खुर्च्यांवर, बाया सतरंजीवर. आप्पा पहिल्या रांगेत, पांढरं धोतर, टोपी. रूपालीच्या अंगातला कोट त्यांचाच होता, जुना. मंगलाबाईंनी पेटीतून गुपचूप काढून दिला होता.

चौकटीच्या आतल्या बाजूला अजित सर लुगडं सावरत शेंगा फोडत होते, शेजारणीची नक्कल करत होते. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. आप्पांच्या मिशीखालीही थोडं हलल्यासारखं झालं. स्वप्नात पाय उचलत नाहीत तशी रूपाली चौकटीमागे उभी होती. मग ती खाकरली.

दोन बारीक. तिसरा लांब.

रंगमंचावरचं घर लाकडाचं झालं. ते ठरलेलंच होतं. पण सतरंजीवरही सळसळ झाली आणि पन्नासेक डोक्यांवर एकदम पदर आले. मंगलाबाई तर उठून उभ्याच राहिल्या.

"उनात व माय!" म्हणत, आप्पा आलेच असं समजून, त्या पाण्याचा तांब्या शोधू लागल्या.

मग त्यांना आप्पा पुढच्या खुर्चीत दिसले. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. कोणत्या आप्पांना पाणी द्यावं हे न कळून बिचाऱ्या मधेच उभ्या राहिल्या.

कुणी हसलं नाही. आप्पा वळून बघत होते. आयुष्यभर त्यांनी झाकलेली डोकी पाहिली होती, ती झाकली जाताना कधी पाहिली नव्हती. आताच तर इथे हसणं चाललं होतं!

रूपाली पुन्हा आली. पुन्हा खाकरली. पदर वर गेले, खाली आले, पुढेपुढे नुसतेच चाचपले गेले. अकराव्या खेपेला मंगलाबाई मांडी घालून बसूनच राहिल्या.

टाळ्या पडल्या तेव्हा आप्पांची खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. रूपाली भाकर थापत होती, पण थापा वाकड्या पडत होत्या. गेलं नंदुरबार, ती मनाशी म्हणाली. एवढ्यात ओट्यावर वहाणा वाजल्या आणि थांबल्या. मंगलाबाईंचा हात सवयीने पदराशी गेला.

खोकला आला नाही.

तव्यावरची भाकर फुगली, बसली. बाहेर तो माणूस नुसता उभा.

"खोकस का नही हाऊ मानूस?" मंगलाबाई पुटपुटल्या.

रूपालीने पिठाचे हात परातीवर झटकले. तिने काही ठरवलं नव्हतं. आतूनच तिने घसा खाकरला. दोन बारीक, तिसरा लांब.

मंगलाबाईंनी तोंडावर हात दाबला. खिडकीच्या गजांतून दिसलं: आप्पांनी दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"रूपाली," ते म्हणाले. "येऊ का घरमा? नंदुरबारनं बोलनं व्हतं."