रायबाची उचलबांगडी

हल्ली कुणाला खुर्चीवरून हटवलं की लोक हसत हसत ‘उचलबांगडी झाली’ म्हणतात. मला हसू येत नाही. आमच्या लहानपणी, भोर संस्थानात, तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावच्या शाळेत ती खरीखुरी होती. पोरगं शाळेला आलं नाही की मोठे मास्तर चार दांडगी पोरं धाडायचे. दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि त्याला उताणं उचलून शाळेत आणून टाकायचं. त्या चौघांत मी असायचो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. तेवढीच पाढ्यांतून सुटका.

रायबा आठ वर्षांचा. माघात त्याचा बाप ज्ञानोबा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला लागणाऱ्या फांद्या तोडायला ऐनाच्या झाडावर चढला आणि वरून पडला. रायबा खाली टहाळ गोळा करत होता. त्याच्यादेखत बाप गेला. पोरगं शाळेला येईना, ओढ्याकाठी जाऊन बसायचं. तीन आठवडे झाले तशी मोठ्या मास्तरांनी आम्हाला धाडलं.

उचलला तेव्हा तो ओरडला नाही, पायही झाडले नाहीत. नुसता ताठ झाला. मारुतीच्या देवळापाशी डोळे मिटूनच त्यानं मला हळूच विचारलं, “चिमा, म्या मेलो का रं?”

आम्ही चौघंही खिदळलो. त्याच वाटेनं त्याच्या बापाला चौघांनी नेलं होतं, हे आमच्या टाळक्यात आलंच नाही. शाळेत आणून टाकला तेव्हा त्याचा लंगोट ओला झाला होता. मोठ्या मास्तरांनी त्याबद्दल त्याला दिवसभर कोपऱ्यात उभा केला. तेव्हापासून त्याचं बोलणंच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई, कोंडाबाई, शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. “मास्तर, पोरगं भ्यालंय. जरा मायेनं घ्या.”

“शाळेत माया नसते बाई, शिस्त असते,” मोठे मास्तर म्हणाले आणि तपकीर ओढू लागले. देव त्यांचं भलं करो, मी नाही करणार.

ती परत निघाली तेव्हा बिगरीला, म्हणजे अगदी लहान पोरांना शिकवणारे आनंदराव मास्तर तिच्यामागून बाहेर गेले. मूळचे भोरचे, किडकिडीत, बोलायला मऊ. चिंचेखाली उभं राहून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग मला बोलावून विचारलं, “तो वाटेत काही बोलला होता का?” मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी रायबाच्या दारात जाऊ लागले. आत जायचे नाहीत, हात धरायचे नाहीत. “रायबा, मी निघालो रे,” एवढंच म्हणायचे. चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी दहा पावलं अंतर ठेवून मागून आला. त्यांनी त्याला दाराशी, घराची वाट दिसेल असा बसवला. फाल्गुन संपता संपता तो बेचा पाढा पुटपुटू लागला. कोंडाबाई ओढ्यावर धुणं धूत होती, तिला मी हे सांगितलं तर ती तिथंच रडायला लागली.

मग आनंदराव मास्तरांची आई आजारी असल्याचा निरोप आला आणि त्यांना भोरला जावं लागलं. जाताना मला म्हणाले, “चिमा, मी येईपर्यंत रोज तू त्याच्या दारात जा. एकटा जा. मास्तरांनी पाठवलंय म्हण.”

तीन दिवस मी गेलो आणि तो माझ्यामागून आला. चौथ्या दिवशी मी पोरांबरोबर करवंदं खायला डोंगरात गेलो, तिथून तसाच शाळेत. रायबा आलेला नव्हता. मोठ्या मास्तरांनी आम्हा चौघांकडे बोट केलं. ‘मी एकटा जातो’ म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

रायबा उंबऱ्यात वाट बघत बसला होता. मागं तिघं दिसले तसा तो उठला. “तुला मास्तरांनी पाटवलंय न्हवं?” त्यानं मला विचारलं.

“व्हय,” मी म्हणालो. म्हटलं, निमूट येईल.

तो आपणहून चार पावलं पुढं आला. आम्ही उचलला. या खेपेला त्यानं काहीच विचारलं नाही.

आठवड्यानं आनंदराव मास्तर आले ते थेट रायबाच्या दारात. मी मागं होतो. दाराला आतून कडी होती.

“रायबा, मी आलोय रे.”

आतून रायबाचा आवाज आला. “तुमीच पाटवलं व्हतं ना त्यास्नी?”

“नाही रे बाळा. मी नाही पाठवलं.”

“चिमा म्हनला.”

मास्तर वळून माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत, नुसते थांबले. ‘मी खोटं बोललो’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण गावात मला मायेनं हाक मारणारे ते एकटेच होते आणि त्यांच्या मनातून उतरायची मला भीती वाटली. मी मान खाली घातली.

आत कोंडाबाई त्याला समजावत होती. कडी काही निघाली नाही.