तीनला की तीननंतर

मोठ्या सिस्टरांनी वॉर्डबॉय मामांना पलंगावर उताणं झोपवलं आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा त्यांच्या ओठांत दिला.

"दात लावायचे नाहीत, मामा. नुसती ओठांत धरायची. बेशुद्ध माणूस दात लावतो का?"

"बेशुद्ध माणसाला एवढ्या सूचना देतात का?" मामा नळीच्या कडेनं पुटपुटले आणि डोळे मिटून पडले. पोट तेवढं चादरीखाली ऐसपैस जागं राहिलं.

ड्रेसिंगच्या खोलीत हसू फुटलं, पण अर्ध्यातच विरलं. कारण मामांच्या उशाशी चिमणी उभी होती, आणि तिचा चेहरा असा होता की समोर हसायची कुणाला चोरी वाटावी.

अंगानं काडी आणि तोंडानं अखंड चिवचिव, म्हणून ती चिमणी. वॉर्डात सगळ्यांत धाकटी सिस्टर. पेशंट कितीही चिडका असो, ही बोलून बोलून त्याला इंजेक्शन टोचायची आणि त्याला कळायचं ते कापूस चोळल्यावर. कालपासून मात्र तिच्या तोंडून शब्द नव्हता. सकाळी मोठ्या सिस्टर कपडे बदलायच्या खोलीत गेल्या, तेव्हा ती आपला गणवेश घडी घालून पिशवीत भरत होती. घडीवर घडी, घडीवर घडी, जणू तो गणवेश दिसेनासाच व्हायला हवा होता.

"सिस्टर, मी उद्यापासून येत नाही."

"उद्याचं उद्या बघू," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. "आज मला मामांच्या उशाशी कुणीतरी हवंय. चल."

का, कशाला, काही नाही. नुसतं चल. आई ज्या आवाजात पोराला अंघोळीला हाक मारते त्या आवाजात. आणि चिमणी पिशवी तिथंच टाकून मागोमाग आली होती.

तापाची साथ शहरात शिरली तेव्हापासून दवाखान्याचं रूपच पालटलं होतं. माणसं पुरेनात म्हणून तापाचा वॉर्ड आणि ऑपरेशनचा वॉर्ड एक करून टाकला होता. दोन घरांच्या सुना एका स्वयंपाकघरात आल्यावर जे व्हायचं ते सगळं झालं: कात्री कुठं ठेवायची यावरून झालं, पडदे कोण ओढणार यावरून झालं. मग साथ इतकी वाढली की भांडायलाही कुणाकडे श्वास उरला नाही.

खिडकीजवळच्या खाटेवर बसचे ड्रायव्हर होते. धिप्पाड माणूस. फुप्फुसं अशी दाटून आली होती की उताणं ठेवलं तर श्वासाच्या मशीनलाही आत हवा ढकलता येईना. पालथं घातलं, तरच पाठीकडून वाट मोकळी व्हायची. त्यांच्या बायकोला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती बिचारी रडता रडता म्हणाली होती, "अहो, लग्न झाल्यापासून ह्या माणसानं झोपेत कूस बदललेली नाही. कितीही ढोसा, घोरणं उताणंच. तुम्ही कसं उलटं करणार?"

काल पाच जणांनी मिळून उलटं करायला घेतलं, आणि त्यात घशातली श्वासाची नळी निसटली. उशाशी नळी धरून उभी होती चिमणी. मोठ्या डॉक्टरांच्या हाताला यश होतं. नळी पुन्हा बसली, माणूस वाचला. पण घसा सुजला होता. आज दुपारी त्यांना पालथं घालण्यावाचून इलाज नव्हता, आणि आज नळी निसटली तर ती पुन्हा बसेल याची खात्री डॉक्टरसुद्धा देत नव्हते.

"त्या मुलीला स्टोअरमध्ये बसवा," ते कालच म्हणाले होते. रागावून नव्हे, थकून. "हात थरथरतो तिचा."

 रात्री जेवताना मोठ्या सिस्टरांचा घास हातात तसाच राहिला होता. चिमणीचा हात थरथरला होता, पण नळी निसटल्यावर. आधी नाही. आधी तो हात त्यांनी स्वतः पाहिला होता, देवघरातल्या समईच्या ज्योतीइतका स्थिर. मग निसटली कशी?

म्हणून आज मामा पलंगावर होते.

"काल होते तसेच उभे राहा," त्या म्हणाल्या. उजवीकडे ऑपरेशनच्या वॉर्डातले ब्रदर आणि तिथल्याच मावशी. डावीकडे त्या स्वतः आणि तापाच्या वॉर्डातल्या चष्मेवाल्या सिस्टर. "चिमणे, मोज."

चिमणीनं मामांच्या ओठांतली नळी दोन बोटांत धरली. स्वतःचे ओठ ओले केले.

"एक... दोन... तीन..."

ब्रदर आणि मावशींनी उचललं. डावीकडची बाजू गादीलाच चिकटून राहिली. क्षणभरानं तीही उठली, तोवर मामांचं धड एकीकडे, खांदे दुसरीकडे आणि मान तिसरीकडे. नळी चिमणीच्या बोटांत राहिली आणि मामा तिच्यापासून निघून गेले.

"मेलो," मामा शांतपणे म्हणाले. "घरी कळवा."

यावेळी कुणीच हसलं नाही. चष्मेवाल्या सिस्टर ब्रदरांकडे बघत होत्या.

"तुम्ही आधी कसं उचललंत?"

"आधी? तीनला उचलायचं असतं!"

"तीन म्हणून झाल्यावर उचलायचं असतं. एक, दोन, तीन, आणि मग उचल."

"मग ते चार नाही का झालं?" मावशी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आमच्या ऑपरेशनच्या वॉर्डात आख्खा जन्म गेला. तीनला म्हणजे तीनला."

"आणि आमच्याकडे काय पेशंट हवेत तरंगत जात होते?"

"काय गोंधळ आहे?" दारात मोठे डॉक्टर उभे होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात गार झालेला चहा.

"डॉक्टर, तुम्हीच सांगा," ब्रदर म्हणाले. "पेशंट तीनला उचलायचा की तीननंतर?"

डॉक्टरांनी विचार केला. "मी तर कुणीतरी 'चला' म्हणेपर्यंत थांबतो."

"घ्या!" मामा पलंगावरून ओरडले. "आता माझे चार तुकडे होणार!"

तेव्हा मात्र खोलीत हशा पिकला. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, ब्रदर भिंतीला टेकले, डॉक्टरांचा चहा सांडला. इतके दिवस गळ्यात अडकलेलं सगळं त्या हसण्यावाटे बाहेर पडलं. मोठ्या सिस्टर हसत होत्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून चिमणीकडे बघत होत्या. ती हसत नव्हती. ती हातातल्या नळीकडे बघत होती, आणि कालपासून वर चढलेले तिचे खांदे हळूहळू, पाणी ओसरावं तसे, खाली येत होते.

कुणाची चूक, कुणाची नाही, याबद्दल मोठ्या सिस्टर चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आकडे बंद."

"मग उचलायचं कशावर?"

त्यांना आई आठवली आणि आत्या. एका उखळात दोघींची दोन मुसळं. वर जायची, खाली यायची, पण एकदाही एकमेकांवर आपटली नाहीत. मोजत कुणीच नव्हतं. दोघी गात होत्या.

"गाण्यावर," त्या म्हणाल्या. "ओळ संपायला आली की लहान पोरालाही कळतं. शेवटच्या शब्दाला उचलायचं."

"कोणतं गाणं?" चष्मेवाल्या सिस्टरांनी धास्तावून विचारलं. "मला एकही पाठ नाही."

मोठ्या सिस्टरांनी पलंगाच्या कडेवर बोटांनी ताल धरला. चाल आईची होती. शब्द तिथंच, त्या खोलीत जुळले.

*उशाशी उभी मी ग, बाजूला बहिणी चार,*
*हळू घे रे कूस राजा, उचलला तुझा भार.*

"बहिणी चार?" ब्रदर म्हणाले. "मी कुठं गेलो?"

"आजच्या दिवस बहीण व्हा. बिघडलं काय?"

"भावंडं," उशाशी कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. चिमणीचा आवाज कालपासून न वापरल्यामुळे खरखरीत झाला होता.

"बाजूला भावंडं चार. असं म्हटलं तर ब्रदरही त्यात येतात. आणि चालीत बसतं."

"बसतं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मग तूच म्हण."

मामांना त्यानंतर इतक्यांदा उताणं-पालथं केलं की शेवटी त्यांनी मान टाकली आणि आपली तव्यावरची भाकरी झाली अशी तक्रार केली. पण नळी पुन्हा निसटली नाही. डॉक्टर दारातून हलले नव्हते.

"सिस्टर," ते बाहेर येऊन हळूच म्हणाले, "दुपारी उशाशी तुम्ही उभ्या राहा."

"मी डावीकडे."

"माणसाचा जीव आहे."

"दोघांचा आहे, डॉक्टर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आज ती उशाशी उभी राहिली नाही तर पुन्हा कधीच राहणार नाही. आणि तिच्यासारखा हात मला दुसरीकडे कुठं मिळायचा? काही झालं तर जबाबदार मी. तुम्ही लिहून ठेवा."

डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. उरलेला चहा बेसिनमध्ये ओतला आणि हात धुवायला लागले.

दुपारी ते सगळे सूट चढवून ड्रायव्हरांच्या खाटेभोवती उभे राहिले. टोपी, चष्मा, मास्क. कोण कोण ते उंचीवरून ओळखायचं. मशीन दम लागल्यासारखं वाजत होतं. चिमणीनं नळी धरली. मोठ्या सिस्टरांनी तिच्या हाताकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही. त्यांनी आपले हात ड्रायव्हरांच्या पाठीखाली सरकवले आणि डोळे मिटले.

*उशाशी उभी मी ग...*

मास्कमधून आवाज जाड येत होता, पण चाल स्वच्छ होती. पहिल्या फेरीला तो अवाढव्य देह खाटेच्या कडेला सरकला, दाराची कडी सरकावी तसा. दुसऱ्या फेरीला कुशीवर वळला. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला.  डॉक्टरांचे ओठ मास्कआड हलत होते.

तिसरी फेरी, पालथं घालायची.

*हळू घे रे कूस राजा, उचलला तुझा...*

आणि चिमणी थांबली.

शेवटचा शब्द आला नाही. आठ हात होते तिथं थबकले. मशीन किंचाळायला लागलं. आकडा नव्वदीखाली गेला, आणखी खाली गेला. मोठ्या सिस्टरांच्या दंडात कळ उठली. 'म्हण ग, पोरी' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले, आणि त्यांनी ते गिळले.

"नळी खांद्याखाली अडकतेय," चिमणी म्हणाली. आवाजात ना घाई ना कंप. "धरून ठेवा. कुणी हलू नका. मावशी, तुमच्या बाजूचा खांदा थोडा वर. बास."

तिनं मोकळ्या हातानं नळी सोडवली, पुढं घेतली, गालापाशी नीट वळवली. काल हेच झालं असतं तर अर्धी बाजू केव्हाच उलटून गेली असती. आज चौघंही त्या न आलेल्या शब्दाला टांगल्यासारखी उभी होती.

*हळू घे रे कूस राजा,* तिनं ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, *उचलला तुझा भार.*

ड्रायव्हर पालथे झाले. सगळं अंग एकदम, एका श्वासात, पान उलटावं तसं. नळी जागच्या जागी होती.

मग फक्त बघायचं उरलं. आकडा तळाशी घुटमळला. एक वर चढला. पुन्हा एक. नव्वदी ओलांडली तेव्हा ब्रदरांनी मूठ वळून हवेत हाणली आणि वर लटकणारी सलाइनची बाटली डोलायला लावली. चष्मेवाल्या सिस्टरांचा चष्मा आतून धुक्यानं भरला. पुसता येईना म्हणून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"सिस्टर," डॉक्टर मोठ्या सिस्टरांच्या कानाशी म्हणाले, "काल मी त्या स्टोअरबद्दल काही बोललो होतो का?"

"ह्या टोपीत काही ऐकूच येत नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

त्यांनी ड्रायव्हरांच्या बायकोला फोन लावून दिला, पण बोलली चिमणी. आधी दोन-चार शब्द अडखळले, आणि मग धरण फुटलं. "हो वहिनी, वळले! अहो चांगले वळले! घोरत नाहीयेत, मशीन घोरतंय. तुम्ही आधी पोटभर जेवून घ्या बरं."

साथ त्यानंतरही बरेच दिवस होती. ड्रायव्हर आधी मशीनवरून उतरले, मग पलंगावरून, मग भिंतीला धरून बाथरूमपर्यंत स्वतः चालत गेले आणि वाटेत चारदा थांबून सगळ्यांना नमस्कार करत गेले. त्यांच्या खाटेवर दुसरे कुणी आले, त्यांच्यानंतर तिसरे.

अशाच एका दुपारी मोठ्या सिस्टर ऑफिसात बसल्या असताना निरोप आला. वरच्या मजल्यावर नवा वॉर्ड उघडला होता, माणसं कालच आलेली, आणि एका बाईंना पालथं घालायचं होतं. त्या खुर्चीवरून उठल्या तशाच निघाल्या. जिन्यात दम लागला, तरी थांबल्या नाहीत. सूटची चेन ओढत, हातमोजे घालत, कोपरानं दार ढकलत आत आल्या.

खाटेभोवती पाच जण उभे होते. चौघं नवी, हात कुठं घालावेत ते अजून न कळलेली, आणि उशाशी एक काडीसारखी.

मोठ्या सिस्टरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. उभं राहायला जागा नव्हती.

"घाबरायचं नाही," उशाकडचा आवाज नव्यांना सांगत होता. "मी थांबले की थांबायचं. मी शब्द टाकला की उचलायचं. मध्ये आपलं डोकं चालवायचं नाही, कळलं का?" आणि मग, नळीवरची नजर न हलवता, "दारात कोण आहे ते, दार ओढून घ्या. बाहेरचा आवाज आत येतोय."

मोठ्या सिस्टर मागं सरल्या, आणि त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.