एडक्याची पाळी अन् बन्सीधरची भाषा

"माझ्या भाषेत चूक व्हायला जागाच न्हाई!" बन्सीधरनं पालमच्या पारावर छाती ठोकून सांगितलं. "बाकीच्या कॉम्प्युटर भाषांत वस्तू येगळी अन् तिचं काम येगळं. कशाला पायजेत दोन दोन? माझ्यात एकच. 'एडका' म्हणलं की वस्तू बी तीच अन् काम बी तेच. लय लहान भाषा हाय, खिशात मावंल."

बुधवारपर्यंत त्या भाषेत चुकीला ऐसपैस जागा निघाली.

साल होतं एक्क्याण्णव. पालमच्या चार मेंढीवाल्यांनी मिळून एक दांडगा एडका पाळला होता. आठ आठ दिवस एकेकाच्या कळपात सोडायचा. पण पाळी कुणाची, यावरून दर बारीला भांडण. म्हणून ठरलं, की परभणीला कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्या बन्सीधरनं पाळी लावायची. शनिवारी मशीन जे नाव काढंल, एडका त्याच्या घरी.

एडका होता दत्तरावकडं. पुढची पाळी येडबाची, त्याच्यामागं केवळाबाई अन् सूर्यभान. येडबाच्या मेंढ्या माजावर आलेल्या. ही पाळी हुकली तर औंदा वाड्यात एक कोकरू दिसणार न्हाई, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. अन् दुसरंही एक ठाऊक होतं: बन्सीधर हा दत्तरावचा सख्खा भाचा.

"मामा-भाच्याचं काहीतरी शिजायलंय," तो बायकोला म्हणाला.

"तुमाला तर भाकरीत बी काळं दिसतंय," म्हाळसाबाई म्हणाली. "जावा, बघून या. घरात बसून माझं डोकं नका खाऊ."

बुधवारी येडबा एसटीनं परभणीला गेला. स्टँडामागच्या खोलीत बन्सीधर मशीनपुढं बसला होता.

"दाव माझं नाव."

बन्सीधरनं एडक्याचं नाव दाबलं. पडद्यावर आलं: येडबा.

"झालं समाधान, काका?"

झालं. परतीच्या एसटीत पिंगळी गावापर्यंत टिकलं. तिथं येडबाच्या मनात आलं, ह्या पोरानं इतक्या लवकर कसं काय दावलं? शक आला की येडबाला बसवत नसे. तो उतरला अन् मिळंल त्या जीपनं माघारी आला.

"पुन्हा दाव."

बन्सीधरनं पुन्हा दाबलं. केवळाबाई.

"आरं चोरा! दोन घंट्यात माझं नाव खाल्लं व्हय?"

"काका, मी हात बी लावला न्हाई!" बन्सीधरनं घाईघाईनं आणखी एकदा दाबलं. सूर्यभान.

आता बन्सीधरला घाम फुटला. तो खुर्चीत मागं टेकला, छताकडं बघितलं अन् हळूच म्हणाला, "काका, एडक्याचं काम काय? पुढच्या घरी जाणं. अन् माझ्यात वस्तू अन् काम एकच. त्याचं नाव घेतलं की तो निघतोय. तुमी बघायलाव, अन् तो चालायलाय."

"मंग नाव न घेता बघ."

"तशी सोयच ठेवली न्हाई. भाषा लहान ठेवायची व्हती ना."

येडबानं त्याच्याकडं असं बघितलं, जसं वाड्याभोवती फिरणाऱ्या लांडग्याकडं बघावं. "फिरव मंग. माझ्यापाशी आण."

बन्सीधरनं दाबलं. दत्तराव. "आता थांबायचं. ह्याच्या पुढं तुमीच हाव."

"दाव की."

"दावलं की गेलं, काका! दिसलं न्हाई तरच तुमचं."

"न दिसणाऱ्याचा भरोसा कुणी धरावा? तुझा मामा धरंल."

अर्धा घंटा तकरार चालली. शेवटी येडबा म्हणाला, "एकदाच." बन्सीधरनं वैतागून दाबलं. पडद्यावर 'येडबा' आलं. येडबा हसला. मग त्याचं त्यालाच उमगलं अन् हसू तोंडातच राहिलं. पुन्हा केवळाबाई, सूर्यभान, दत्तराव असा सगळा फेरा घालून बन्सीधरनं मशीनवर चादर टाकली.

"शनिवारपोतर हिला कुणी हात लावायचा न्हाई. मी बी न्हाई."

घरी येताना येडबानं विचार केला. शनिवारी नाव निघालं अन् कुणी म्हणलं, "पुन्हा एकदा दाव," की पाळी बसलीच केवळाबाईच्या घरात. इलाज एकच. एडका तिथंच न्यायचा. नाव निघालं की त्याच घडीला दोर हातात.

हे ऐकून दत्तरावला शक आला. "ह्याला एवढी घाई कशाची? परभणीला जाऊन कायतरी करून आलाय." त्यानं एडका द्यायला नकार दिला न्हाई, पण दोराचं दुसरं टोक सोडलं न्हाई. शनिवारी टेंपोतून तिघं निघाले: इकडं येडबा, तिकडं दत्तराव, मधी एडका. रस्ताभर फक्त एडकाच बोलला.

केवळाबाई अन् सूर्यभान आधीच येऊन बसलेले. एवढ्या माणसांत एडका मशीनपुढं उभा राहिला. बन्सीधरनं चादर काढली.

"एकदाच," तो म्हणाला. "अन् कुणी बी पुन्हा म्हणायचं न्हाई."

"एक डाव दोनदा बघायला काय जातंय?" दत्तराव म्हणाला.

"तू तोंड बंद ठेव, दत्त्या!" येडबा गुरकावला.

बन्सीधरनं बोट उचललं. अन् लाइट गेली.

पडदा काळा पडला. दारातून येणाऱ्या उजेडात त्या काळ्या काचेत एक एडका दिसला. तसाच दांडगा, तशीच शिंगं, अन् सरळ ह्या एडक्याच्याच डोळ्यांत बघायलेला.

"दोर धर!" येडबा ओरडला.

"तू धर!" दत्तराव ओरडला.

दोघांनीही दोर सोडला. समोरचा माणूस तो पकडून ठेवंल असा दोघांनाही भरोसा होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

एडका दोन पावलं मागं सरकला अन् त्यानं धडक दिली. पडद्याची काच फुटली. एडक्याचं डावं शिंग बुडातून निखळलं. जनावरांच्या डॉक्टरनं टाके घातले, अन् औंदाच्या मोसमात त्याला कुठल्याच कळपात सोडू नका, असं सांगितलं.