बाल्दासारे गाईडचा खरा दिवस

हे कुणाला पटायचं नाही, त्रापानीच्या बंदरावर तर मुळीच नाही. पण बाल्दासारे गाईड एकदा सकाळच्या बोटीपासून संध्याकाळच्या बोटीपर्यंत एकही खोटं बोलला नाही.

तीस वर्षं तो प्रवाशांचे घोळके घेऊन फाविन्याना बेटावर जात होता. तेवढ्या काळात त्याने मारलेल्या थापा एकावर एक रचल्या असत्या तर लोक बेटावर चालत गेले असते, बोटीची गरजच उरली नसती. पण विता भट्टीवालीने त्याला पेचात धरलं होतं. विता विधवा, पन्नाशीची, बंदरामागच्या गल्लीत तिची पावाची भट्टी. बाल्दासारे दोन वर्षं तिला मागणी घालत होता.

"एका थापाड्याबरोबर वीस वर्षं काढली मी," ती म्हणाली होती. "गुरुवारी येतो म्हणून समुद्रावर जायचा आणि मंगळवारी उगवायचा. दुसरा घरात घेणार नाही. एक अख्खी सहल खोटं न बोलता करून दाखवा. मी तिकीट काढून येते. बोट इथून सुटल्यापासून परत धक्क्याला लागेपर्यंत. जमलं तर ऑगस्टमध्ये चर्चमध्ये उभी राहते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पाव दुसरीकडून आणा."

तो दिवस जूनमधला होता. घोळका बेर्गामोचा, उत्तरेकडचा, अडतीस माणसं. पहिल्या बाकावर विता, मांडीवर काळी पर्स. बाल्दासारेने माईक हातात घेतला.

"समोर दिसतंय ते फाविन्याना," तो म्हणाला. "पोचायला तासभर लागेल."

आणि थांबला. जीभ तोंडात नुसती तडफडत होती, जाळ्यातल्या मासळीसारखी.

"एवढंच?" पासोनी नावाच्या निवृत्त औषधविक्रेत्याने विचारलं. "आमच्या शेजाऱ्यांना तुम्ही बिशप आणि गाढवाची गोष्ट सांगितली होती म्हणे."

"सांगितली होती."

"मग आम्ही काय घोडं मारलंय?"

"ती खोटी आहे."

बोटीवर अशी शांतता पसरली की इंजिनालाही लाज वाटली असावी.

बेटावर त्याने त्यांना टूना माशाचा जुना कारखाना दाखवला. मासे यायच्या दिवसांत समुद्रात जाळ्यांच्या खोल्या बांधत, मासा एका खोलीतून दुसरीत हाकलत नेत, आणि शेवटच्या खोलीचं जाळं माणसं गाणी म्हणत हातांनी वर ओढत. शब्दन् शब्द खरा.

"माशांना खोल्या!" पासोनी बायकोला म्हणाला. "आता फेकायला लागला बघ."

पुढे दगडाच्या खाणी. घरांसाठी दगड कापून नेला, खड्डे उरले, खड्ड्यांत वारा लागत नाही म्हणून लोकांनी तळाशी लिंबं लावली. रस्त्याने चालताना झाडांचे शेंडे घोट्याशी येतात. बाल्दासारेने हे सांगितलं तेव्हा चारजण उघड हसले. मग त्यांनी वाकून पाहिलं. पासोनीबाईने तर उभ्या उभ्या एक लिंबू तोडलं. तरी पासोनीचं मत ठाम होतं, हे पर्यटकांसाठी नगरपालिकेने मुद्दाम केलेलं आहे. तीस वर्षं बाल्दासारेच्या थापा लोकांनी डोळे मिटून गिळल्या होत्या. खरं बोलायला लागला आणि एका सकाळीत त्याची पत गेली.

दुपारी सगळे भिंतीच्या सावलीत बसून तेल, टोमॅटो आणि खारवलेली मासळी घातलेला पाव खात होते. विता त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पाणी प्या. घाम फुटलाय."

"ऊन फार..." तो म्हणाला, आणि दचकून थांबला. "ऊन नाही. भीती वाटतेय."

विताने रुमाल तोंडाला लावला. ती हसली की तोंड पुसलं, त्याला कळलं नाही.

परतीच्या बोटीवर पासोनी उभा राहिला. "अख्खा दिवस वाया! या माणसाला स्वतःच्या बेटाचं काही माहीत नाही. दोन वाक्यं बोलतो आणि मूग गिळून बसतो. मी सहल कंपनीला पत्र लिहिणार."

"लिहाच," मागून आवाज आले.

"तुमचं बरोबर आहे," बाल्दासारे म्हणाला. "आज मी कंटाळा आणला." हेही खरंच होतं, काय करणार.

विताचे कान लाल झाले. समोर त्रापानीचा धक्का दिसत होता. ती उठली, पर्स दंडाला अडकवली, आणि तिने त्याच्या हातातला माईक हिसकावला.

"अहो बेर्गामोकर! याला काही माहीत नाही म्हणता? याचे आजोबा कोण होते ठाऊक आहे?" आवाज जरा कापला, मग सुरळीत झाला. "एका वर्षी मासा आलाच नाही. बेटावर चुली थंड. याच्या आजोबांनी रविवारचा कोट घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि मारली समुद्रात उडी. पोहत पोहत थेट सार्डिनियापर्यंत! तिथे मासे पुढाऱ्यांसारखे तोंड फुगवून बसलेले. आजोबा म्हणाले, का रे बाबांनो, रुसलात? थोरला मासा म्हणाला, यंदा कुणी बोलावणंच धाडलं नाही. आजोबांनी कोटाच्या खिशातून पाद्रीबाबांची चिठ्ठी काढली. कोरडी! थोरल्याने वाचली, दोनदा. मग काय, आजोबा पुढे आणि मागे रांगेत चारशे मासे. आणि टोपीला पाण्याचा थेंब नाही!"

बोट हसून हसून डुलायला लागली. पासोनीने वही काढली. "चारशे म्हणालात ना?"

बाल्दासारे आ वासून बघत होता. तीस वर्षांत त्याला स्वतःला इतकं सुरेख खोटं साधलं नव्हतं. खलाशाने दोर हातात घेतला. धक्का अजून दहा हात लांब होता.

"विश्वास नसेल तर यांनाच विचारा," विता म्हणाली आणि माईक त्याच्या तोंडासमोर धरला. "खरं की नाही? सांगा."

अडतीस माणसं पुढे वाकली. हो म्हणावं तर दिवस बुडाला. नाही म्हणावं तर चारचौघांत तीच खोटी ठरते.

"साफ खोटं," तो म्हणाला. "माझ्या आजोबांना पोहताच येत नव्हतं."