वर सरकणाऱ्या पट्ट्या

संध्याकाळी सहापर्यंत मला जेटच्या नोकरीला हो की नाही ते कळवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर 'हो' आदल्या दिवसापासूनच माझ्या जिभेवर तयार होतं.

फ्लाइंग क्लबात मला सगळे मास्तरीण म्हणतात. माझ्या हाताखाली धडपडत विमान उतरवायला शिकलेली पोरं पुढे निघून गेली आणि मी धावपट्टीच्या कडेला उन्हात उभी राहून त्यांना टाटा करत बसले. मला हवी होती मोठी कंपनी, समुद्रापलीकडे जाणारी. पण मोठी कंपनी माझ्यासारखीला थेट घेत नाही. आधी एखाद्या छोट्या कंपनीत उमेदवारी करावी लागते. आणि इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, तर आता एकाच आठवड्यात दोन छोट्या कंपन्यांनी नोकरीला बोलावलं!

पहिली जेटवाली, आमच्याच शहरातली. वैमानिकांची खोली अशी की बूट काढून आत जावंसं वाटावं. मऊ सोफे, कॉफीचं यंत्र, भिंतीवर चकचकीत जेटचे फोटो. केस पिकलेल्या एका सहवैमानिकाने स्वतः उठून मला कॉफी आणून दिली.

"आमच्याकडून कुणी सोडून जात नाही," तो अभिमानाने म्हणाला. "मलाच बघा ना, बारा वर्षं झाली."

मी हुरळून गेले. माणसं टिकतात म्हणजे कंपनी चांगली, असा माझा सरळ हिशोब. घरी सांगितलं तर आईला कोण आनंद! मी घरूनच ये-जा करणार होते ना. बाबांनी तर जिन्यात भेटेल त्याला थांबवून "जेट हं, जेट!" असं ऐकवायला सुरुवात केली.

दुसरी कंपनी पंखेवाली. दोन पंख्यांची छोटी विमानं, दिवसभर या गावाहून त्या गावाला, आणि मुक्काम दूरच्या शहरात. बोलावलंय तर जाऊन येऊ, एवढ्याच विचाराने मी त्या दिवशी सकाळी तिथे पोचले. खोलीला ओलीचा वास. ज्या खुर्चीवर बसले तिचा एक हात गायब. समोर भिंतभर लाकडी फळा आणि त्यावर खाचांमध्ये एकाखाली एक अडकवलेल्या नावांच्या पट्ट्या. मी मनात नाक मुरडलं.

तेवढ्यात खोलीत आरडाओरडा झाला. माणसं कॉफी तशीच टाकून धावत आली. ड्युट्या लावणाऱ्या बाई स्टुलावर चढल्या, सगळ्यात वरची पट्टी काढली आणि एका टकल्या कॅप्टनच्या हातात ठेवली. त्याने ती छातीशी धरली. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मग एकेक जण पुढे येऊन आपापली पट्टी स्वतःच्या हाताने एक खाच वर सरकवू लागला. जे आकाशात होते त्यांची शेजारच्याने सरकवली.

"निवृत्त झाले का?" मी बाईंना विचारलं.

"छे हो! मोठ्या कंपनीत चालले. आज बोलावणं आलं. आमचा त्यांच्याशी करारच आहे, या फळ्यावरचे कॅप्टन वरून क्रमाने घेतात. मुलाखतसुद्धा नाही."

"आणि तुम्ही नाचताय? चांगला माणूस जातोय!"

बाई हसल्या. "तो जातोय म्हणून तर बाकीचे वर चाललेत."

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. तो पिकल्या केसांचा भला माणूस! बारा वर्षं झाली आणि अजून सहवैमानिकच, कॅप्टन नाही. कारण त्याच्या पुढचं कुणी हललंच नव्हतं. कुणी सोडून जात नाही, हे त्याने मला तोंडाने सांगितलं होतं आणि मी बावळट त्याची कॉफी पीत खूश होत होते. हसू आवरेना. मी तिथेच, त्या हात तुटलेल्या खुर्चीवर बसून, जेटवाल्यांना फोन लावला.

"नाही? पंख्याच्या विमानासाठी?" पलीकडच्या माणसाला वाटलं मी चेष्टा करतेय.

"हो, पंख्याच्या," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला होता की दोन कॅप्टन वळून बघायला लागले.

परतीच्या वाटेवर मात्र, मी घरूनच ये-जा करणार म्हणून खूश झालेली आई आठवली.

घरी सगळं सांगितलं. बाबांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे जिथून लोक पळतात, तिथे तू चाललीस! मी आता जिन्यात काय सांगू?" धाकट्या भावाने मात्र मोजपट्टी काढली आणि सरळ माझ्या खोलीत शिरला. जेवणाच्या टेबलावर आईच्या शाळेचे पेपर पसरले होते. रोजच्यासारखे तिने ते गोळा केले, कारण ताटं मांडायची होती. आमच्या घरात तिला पेपर तपासायला दुसरी जागाच नव्हती.

जेवण झाल्यावर तिने माझ्याकडे न बघता पेपर पुन्हा टेबलावर पसरले. मला रडू यायला लागलं होतं.

तेवढ्यात धाकट्याने फ्रिजवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवल्या. सगळ्यात वर मी, माझी खोली. खाली तो, हॉलमधला खिडकीजवळचा कोपरा. त्याखाली आई, जेवणाचं टेबल. "आता बघा हं," म्हणत त्याने माझ्या पट्टीला हात घातला.

"थांब," आई म्हणाली. "तू नाही."

ती उठली. माझी पट्टी तिने नखाने हळूच सोडवली, चिकटपट्टीचा कोपरासुद्धा फाटू दिला नाही, आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटली.

"अशीच देतात ना तिथे?" तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "किती वर्षांपासून खिडकीजवळ बसायचंय मला. जा आता."

धाकट्याने आपली पट्टी माझ्या जागी सरकवली, मग तिने स्वतःची पट्टी स्वतःच्या हाताने एक घर वर सरकवली, आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या बाबांनी.